मापाचा दुराग्रह

पंगतीस बोलावलेल्या पाहुण्याला 'आमचा पाट एवढाच रुंद आहे. तुमची मांडी त्यावर मावत नसेल तर उपाशी जा' असें कोणा यजमानानें सांगितल्याचें ऐकिवांत नाहीं. पाहुणा स्थूल असला तर यजमान मोठा पाट आणवितो. अंगण अरुंद असलें तर चार रांगांऐवजीं दोनच मांडतो आणि उरलेल्यांसाठीं दुसरी पंगत बसवितो. मात्र मीठ-लिंबू डावीकडे आणि भाजी उजवीकडे हा पानांतला क्रम तो कोणत्याहि पंगतींत मोडूं देत नाहीं. जागा बदलते, वाढण्याची रीति बदलत नाहीं आणि कोणी उपाशी उठत नाहीं, याला आपण आतिथ्य म्हणतों. परंतु संगणकाच्या पडद्यावरील पानें मांडणारे कारागीर, आणि तीं त्यांच्याकडून मांडून घेणाऱ्या संस्था, यांनीं मात्र उपाशी जाण्याचाच सल्ला वाचकाला वर्षानुवर्षें दिला आहे. 'हें संकेतस्थळ अमक्या रुंदीच्या पडद्यावर उत्तम दिसेल' अशी ओळ आपण पानाच्या तळाशीं अनेकदां पाहिली असेल. तिचा याहून निराळा अर्थ काय होतो? या ओळीविरुद्ध, आणि जेथें ती छापलेली नसून केवळ कारागिराच्या मनांत कोरलेली असते तेथील वृत्तीविरुद्ध, चार शब्द स्पष्टपणें लिहावे असा माझा हेतु आहे. त्यांतील कठोरपणाचा वांटा माझ्याहि पदरीं पडणार आहे, हें आरंभींच कबूल करतों.

वाशीम जिल्ह्यांतील एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर कांहीं वर्षें माझें नांव होतें. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जें तिच्या हातून झालें तें शेंकडों संस्थांच्या हातून होत असतें. संस्थेनें आपलें संकेतस्थळ नव्यानें करवून घेतलें, तेव्हां कारागिरानें तें सभागृहाच्या भिंतीवर प्रक्षेपकानें दाखविलें. वर सरकतीं छायाचित्रें, खालीं तीन स्तंभ, उजवीकडे सूचनांची पट्टी, असा सगळा थाट होता. आम्हीं टाळ्या वाजविल्या, मींहि वाजविल्या. एका सभासदानें भीत भीत विचारलें, 'हें फोनवर कसं दिसेल?' कारागीर म्हणाला, 'साहेब, फोनवर थोडं इकडे-तिकडे सरकवावं लागेल, पण सगळं आहे. हवं तर खालीं एक ओळ टाकूं.' ओळ टाकण्याचें ठरलें, आणि ती शुद्ध मराठींत लिहून देण्याचें काम मजकडे आलें. 'उत्तम दर्शनासाठीं संगणकाचा वापर करावा', अशी ती ओळ मीं लिहून दिली. व्याकरणाची चूक तींत एकहि नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यांत मंगरुळपीर तालुक्यांतील एका खेड्यांतल्या मुलीनें संस्थेच्या साहाय्यनिधीसाठीं अर्ज केला. घरीं संगणक नव्हता. भावाचा फोन होता. अर्ज सात स्तंभांच्या कोष्टकांत मांडलेला, आणि उत्पन्नाचा दाखला जोडण्याचें बटण सातव्या स्तंभांत. फोनवर चारच स्तंभ दिसत. पान कडेला सरकवितां येतें याची कोठेंहि खूण नव्हती, आणि तें बोटांनीं लहान-मोठें करण्यास कारागिरानें बंदी घालून ठेवलेली. मुलीनें दिसलें तेवढें भरलें, तळाचें बटण दाबलें, आणि अर्ज पोंचला असें समजून ती आपल्या कामाला लागली. दाखला नाहीं म्हणून अर्ज बाद झाला. ती चौकशीला आली त्या वेळीं मी कार्यालयांत बसलों होतों. 'सर, ते बटण माझ्या फोनमध्ये नव्हतंच,' एवढेंच ती म्हणाली. लिपिकानें आपल्या संगणकावर पान उघडून तळाच्या ओळीकडे बोट दाखविलें. ती ओळ माझी होती. त्या वर्षीं मुलीला मदत मिळाली नाहीं.

त्या दिवसापासून पानाची मांडणी हा मला केवळ सौंदर्याचा विषय वाटेनासा झाला. दरवाजा किती रुंद ठेवावा हा जसा केवळ शिल्पाचा प्रश्न नसतो, कोणाला आंत घ्यावयाचें याचाहि असतो, तसाच हा आहे.

आतां मूळ वस्तूकडे पाहूं. १९९१ सालीं जिनेव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंतून टिम बर्नर्स-ली यांनीं वेबचें पहिलें पान जगापुढें ठेवलें. त्या पानाला रुंदीचें माप असें नव्हतेंच. खिडकी रुंद केली कीं ओळी लांबत, अरुंद केली कीं त्या आखूड होऊन खालीं उतरत. अक्षर मात्र कोठेंहि कापलें जात नसे. म्हणजे लवचिकपणा हा वेबचा जन्मजात गुण होता, आणि ताठरपणा मागाहून शिरला. तो कोठून शिरला हेंहि उघड आहे. कागदावर मांडणी करणाऱ्याच्या हातीं कागदाचें माप पक्कें असतें. छापलेलें पान मुंबईस उघडा कीं रिसोडास, तेवढेंच राहतें. कागदावर हात बसलेले कारागीर वेबकडे आले तेव्हां त्यांनीं पडद्यालाहि कागद मानलें. प्रथम ६४० पिक्सेल, मग ८००, मग १०२४, अशीं मापें एकामागून एक प्रमाण ठरलीं आणि एकामागून एक जुनीं झालीं. परंतु दर वेळीं 'हें शेवटचें माप' अशीच समजूत राहिली. कोष्टकाच्या घरांत चित्रें आणि मजकूर चिणून पान उभें करण्याची विद्या त्याच काळांतली.

या विद्येविरुद्ध आवाज निघाला नव्हता असें नाहीं. एप्रिल २००० मध्यें जॉन ऑलसॉप यांनीं एका निबंधांत स्पष्ट सांगितलें होतें कीं, कागदाच्या मांडणीकारास जें सामर्थ्य वाटतें तें माध्यमाचें बंधन आहे, आणि वेबवर माप आपल्या हातीं नसणें हें स्वीकारूनच काम केलें पाहिजे. त्यांचें कोणी फारसें ऐकलें नाहीं. कारण तोंपर्यंत बहुतेक पडदे मेजावरचे होते आणि चूक खपून जात होती. २००७ सालीं आयफोन निघाला. त्याच्या ब्राउझरनें तडजोड अशी केली कीं, प्रत्येक पान ९८० पिक्सेल रुंद आहे असें गृहीत धरून तें आक्रसून तळहाताएवढें करावयाचें. अक्षरें मुंग्यांसारखीं दिसलीं तर वाचकानें बोटांनीं फांकवून वाचावीं. ही सोय होती, उपाय नव्हता.

उपाय २०१० च्या मे महिन्यांत ईथन मार्कोट या मांडणीकारानें मांडला. वापरणाऱ्याप्रमाणें भिंती आणि जागा बदलणाऱ्या वास्तुरचनेवरून त्यांनीं 'रिस्पॉन्सिव्ह' हें विशेषण उचललें. आपण तिला 'प्रतिसादी मांडणी' म्हणूं. तिचीं अंगें तीनच. पहिलें, स्तंभांचीं मापें पिक्सेलांत न देतां प्रमाणांत द्यावीं: ९६० च्या पानांत ३०० रुंदीचा स्तंभ असेल, तर त्याला ३०० न म्हणतां ३१.२५ टक्के म्हणावें. मग पान केवढेंहि होवो, स्तंभ आपला वांटा राखतो. दुसरें, चित्रानें आपल्या घराबाहेर पाय पसरूं नये. घर आक्रसलें तर चित्रानेंहि आक्रसावें. तिसरें, रुंदी ठराविक मर्यादेखालीं गेली कीं मांडणीचा नियमच बदलावा, तीन स्तंभांचे एकाखालीं एक असे थर व्हावे. यासाठीं सीएसएसमध्यें 'मीडिया क्वेरी' नांवाची सोय आहे, आणि तिला जून २०१२ मध्यें प्रमाणभूत मान्यताहि मिळाली. पुढें फ्लेक्सबॉक्स आला, २०१७ पासून ग्रिड सर्व प्रमुख ब्राउझरांत पोंचली, आणि कोष्टकांच्या कसरती ज्यासाठीं कराव्या लागत तें सारें दोन-चार ओळींत होऊं लागलें. आरंभीं सांगितलेली पंगत ती हीच: अंगण अरुंद झालें, रांगा कमी केल्या, वाढण्याचा क्रम तसाच ठेविला.

हें सारें परदेशांतलें नवें खूळ आहे असें समजणाऱ्यांना माझें सांगणें आहे कीं, त्यांनीं आपल्या वाशीमचा पूर्वेतिहास आठवावा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं राजशेखरानें 'काव्यमीमांसा' लिहिली, तींत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांची कथा आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाच्या मागोमाग साहित्यविद्या देशोदेशीं हिंडते, आणि प्रत्येक देशांत तिचा वेष, तिचें नृत्य, तिच्या बोलण्याची रीति बदलत जाते; ती मात्र तीच राहते. अखेर विदर्भांत तो तिला पूर्णपणें वश होतो, आणि त्यांचा विवाह होतो तो याच वत्सगुल्म नगरांत. जिच्या वेषान्तराची ही कथा आमच्या गांवीं येऊन सुफळ होते, तिचे वारस आम्ही. आणि आमच्याच संस्थांच्या पानांनीं एका वेषाचा असा हट्ट धरावा कीं, ज्याच्या घरीं मोठा आरसा नाहीं त्याला दर्शनच मिळूं नये! वाशीम येथें सांपडलेल्या विंध्यशक्ति द्वितीय याच्या ताम्रपटाचेंहि तेंच. वंशावळीचा भाग संस्कृतांत, व्यवहाराचा भाग प्राकृतांत. आणि मजकूर चार पत्र्यांवर असा वांटलेला कीं पत्रा जेथें संपतो तेथें ओळ संपते व पुढच्या ओळींत वाक्य चालू राहतें. तांब्यावर घाव घालणाऱ्या त्या कोरक्यानेंहि शब्दांना पत्र्याच्या मापानें वळविलें. रुंद पत्रा आणा, नाहीं तर दान वाचूं नका, असें तो म्हणाला नाहीं. शिवलेला अंगरखा एकाच अंगाला बसतो. लुगडें आईला बसतें, लेकीला बसतें आणि नेसण्याची रीत बदलली कीं शेतांतहि चालतें. ज्या लोकांनीं शतकानुशतकें न शिवलेलें वस्त्र अंगभर नेसलें, त्यांना लवचिक मापाची महती परक्यांनीं शिकवावी लागावी, ही खेदाची गोष्ट होय.

मराठी पानांच्या बाबतींत तर या ताठर मापाचा उपद्रव दुप्पट होतो, आणि तो बहुतेक कारागिरांच्या ध्यानींहि येत नाहीं. पानाचा सांचा इंग्रजी मजकूर भरून तयार होतो, आणि मागाहून त्यांत मराठी ओतली जाते. 'सबमिट' या सहा रोमन अक्षरांसाठीं कापलेल्या बटणांत 'अर्ज सादर करा' मावत नाहीं. मग शेवटचा 'करा' तुटून बाहेर लोंबतो किंवा दिसेनासा होतो. रोमन अक्षराच्या उंचीवर बेतलेल्या चौकटींत आमच्या ओळीचे दोन्ही मजले कापले जातात: वरून रफार आणि मात्रा, खालून उकार आणि ऋकार. 'वर्ष' आणि 'वष' यांत फरक उरत नाहीं. मथळ्याची अक्षरें ऐसपैस दिसावीं म्हणून त्यांत अंतर घालण्याची रोमन लिपीची खोड येथें आणली कीं शिरोरेघेचे तुकडे पडतात. शिवाय आमच्या भाषेंत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. 'शिष्यवृत्तिधारकांसाठींसुद्धां' यासारखा एकच शब्द अरुंद स्तंभाची भिंत फोडून बाहेर जातो. म्हणून ज्या मांडणीला उंची आणि रुंदी दोन्ही मजकुराच्या गरजेप्रमाणें वाढूं देतां येतात, ती इंग्रजीला सोयीची असेल, पण मराठीला अत्यावश्यक आहे. आणि या सर्वांवर कळस म्हणजे परिपत्रकाचें छायाचित्र काढून तेंच पानावर चिकटविण्याची चाल! देवनागरी युनिकोडमध्यें १९९१ पासून आहे. तरी अक्षरांऐवजीं अक्षरांचें चित्र वाचकापुढें टाकलें जातें. चित्रांतलीं अक्षरें ओळ बदलून खालीं उतरत नाहींत, शोधूं गेल्यास सांपडत नाहींत, आणि अंध वाचकाचें वाचन-यंत्र त्यांपुढें मुकें होतें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप कलावंताचा. तो म्हणतो, 'मीं चित्रकारासारखी मोजून रचना केली. ती प्रत्येक पडद्यावर निराळी दिसूं लागली तर माझी कला राहिली कोठें?' मी म्हणतों, तेथेंच ती सुरू होते. भिंतभर जागा असतां दहा गोष्टी एकदम मांडण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं. तळहाताएवढ्या जागेंत आधीं काय आणि मग काय हें ठरवावयाचें असतें, तेव्हां कारागिराला वाचकाची गरज ओळखावी लागते. आमच्या संस्थेच्या पानावर पहिला मान सरकत्या छायाचित्रांना होता, आणि अर्जाची शेवटची तारीख उजव्या पट्टींत सातवी होती. हा क्रम फोनवर उघडा पडला. भिंतीवर तो झांकून गेला होता. प्रतिसादी मांडणी केवळ लहान पडद्याची दासी आहे, हेंहि खरें नव्हे. प्रचंड पडद्यावर ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणली, तर पुढच्या ओळीचा आरंभ शोधतांना डोळा वाट चुकतो. म्हणून जाणता कारागीर रुंदीलाहि कमाल मर्यादा घालतो. अरुंदाला सांभाळावें आणि रुंदाला आवरावें, हें दोन्ही याच कलेंत येतें.

दुसरा आक्षेप खर्चाचा. 'आम्ही फोनसाठीं वेगळें लहान संकेतस्थळ करूं, किंवा अॅप करूं. मुख्य पानाला हात नको.' हा आक्षेप ऐकावयास काटकसरीचा वाटतो, पण हिशेब उलटा आहे. दोन संकेतस्थळें म्हणजे दोन घरें. प्रत्येक सूचना दोनदां लिहावी लागते, आणि अनुभव असा कीं कांहीं महिन्यांत धाकट्या घरीं दिवा लागत नाहीं. मोठ्या पानावर तारीख बदलते, लहानावर जुनीच राहते. आणि फसतो तो फोनवाला. अॅपचें म्हणाल तर वर्षांतून एकदां भरावयाच्या अर्जासाठीं माणसानें फोनमधली जागा रिकामी करावी आणि नाना परवानग्या देऊन टाकाव्या, ही मागणी उंबरठ्यावर जकात बसविण्यासारखी आहे. एकच पान, एकच मजकूर, आणि त्याला पडद्याप्रमाणें वळणारे नियम, यांहून स्वस्त मार्ग नाहीं.

तिसरा आक्षेप आळसाचा. 'दिसत नसेल तर वाचकानें बोटांनीं मोठें करावें.' प्रथम, आमच्या कारागिरानें केलें तसें मोठें करण्यालाच बंदी घालणारे महाभाग कमी नाहींत. दुसरें, मोठें केल्यावर ओळ पडद्याबाहेर जात असेल, तर प्रत्येक ओळ वाचण्यासाठीं पान उजवीकडे न्यावें आणि पुन्हां डावीकडे आणावें लागतें. असा एक परिच्छेद आक्षेपकानें स्वतः वाचून दाखवावा. मग आपण पुढें बोलूं. जून २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या वेब-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजी २.१ मध्यें, याविषयीं स्पष्ट नियम आहे: उभें वाचावयाचें पान ३२० पिक्सेल रुंदींतहि आडवें सरकविल्यावांचून वाचतां आलें पाहिजे. हा आंकडा केवळ फोनसाठीं नाहीं. १२८० पिक्सेलांच्या संगणकावर एखाद्या आजोबांनीं अक्षर चौपट केलें, तर उरणारी रुंदी बरोबर ३२० होते. म्हणजे खेड्यांतली मुलगी आणि मोतीबिंदूचे आजोबा एकाच अरुंद दारापाशीं उभे आहेत. एकासाठीं तें रुंद केलें कीं दुसऱ्याचीहि सोय होते. भारत सरकारनें २००९ पासून आपल्या संकेतस्थळांसाठीं मार्गदर्शक नियम घालून दिले आहेत, आणि २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तींत हे आंतरराष्ट्रीय निकष स्वीकारले आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा त्याहून आधींचा. तेव्हां आतां हा केवळ दयेचा विषय राहिलेला नाहीं. नकाशे आणि खरींखुरीं कोष्टकें यांना त्या नियमांत सवलत आहे, हें मी मान्य करतों. दोन दिशांनीं वाचावयाचें पीकपाण्याचें कोष्टक एका स्तंभांत कोंबतां येत नाहीं. पण अर्ज म्हणजे कोष्टक नव्हे. नांव, गांव, उत्पन्न, दाखला हे एकामागून एक विचारावयाचे प्रश्न होत. त्यांना कोष्टकांत बसविलें तें केवळ कारागिराच्या संवयीनें.

एक आक्षेप मात्र मला अंशतः मान्य आहे. मांडणी लवचिक झाली म्हणजे पान हलकें झालें असें नव्हे. भिंतीसाठीं काढलेलें प्रचंड छायाचित्र फोनवर बोटभर दिसूं लागलें, तरी तें सगळेंच्या सगळें उतरवून घ्यावें लागतें, आणि त्याचे पैसे वाचक भरतो. एकाच चित्राच्या लहान-मोठ्या प्रती ठेवून ज्याला जी हवी ती देण्याची सोय एचटीएमएलमध्यें कित्येक वर्षें आहे. ती न वापरणारा कारागीर आडवें सरकविण्याचा त्रास वांचवून वाट पाहण्याचा त्रास देतो. म्हणून प्रतिसादी मांडणी हें कर्तव्याचें पहिलें पाऊल समजावें, शेवटचें नव्हे.

या सर्वांची किंमत कोण मोजतो, तेंहि पाहिलें पाहिजे. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निघालेला आमचा हा वाशीम जिल्हा सहा तालुक्यांचा: वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. २०११ च्या जनगणनेंत येथील लोकसंख्या ११,९७,१६० भरली, आणि दर पांचांतील चारांहून अधिक माणसें खेड्यांत राहणारीं. २०१८ सालीं देशांतील मागास जिल्ह्यांना 'आकांक्षित' असें गोंडस नांव मिळालें, त्यांत महाराष्ट्रांतून निवडलेल्या चारांमध्यें वाशीमहि आलें. येथील बहुतेक घरांत संगणक आला तो फोनच्या रूपानें. मेजावरचा संगणक तेथें आधीं कधीं नव्हता आणि नंतरहि येईल असें दिसत नाहीं. अशा घराला 'संगणकाचा वापर करावा' असें सांगणें म्हणजे काय, हें रुपयांत मोजतां येतें: तालुक्याला जाण्याचें बसभाडें, अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराची फी, आणि ऐन सोयाबीनच्या पेरणींत बुडालेला एक दिवस. कारागिरानें वांचविलेले दोन दिवस शेंकडों घरांनीं एकेक दिवस देऊन भरून काढले. संस्थेच्या जमाखर्चांत ही रक्कम कोठेंच दिसत नाहीं, म्हणून ती नाहीं असें आम्ही समजतों.

या मासिकाच्या वाचकांपैकीं अनेकजण कोठल्यातरी ग्रंथालयाच्या, पतपेढीच्या, शाळेच्या अथवा मंडळाच्या कारभारांत असतील. संगणकविद्या न येतांहि त्यांना करतां येण्याजोग्या चार परीक्षा मी सुचवितों. पान भिंतीवर पाहण्याच्या आधीं सर्वांत स्वस्त फोनवर उभें धरून पाहावें, आणि तें एकदांहि आडवें सरकवावें लागलें तर पैसे देऊं नयेत. संगणकावर ब्राउझरची खिडकी कडेनें धरून हळूहळू अरुंद करीत न्यावी, आणि काय काय कापलें जातें तें लिहून ठेवावें. अक्षर चौपट मोठें करून घरांतील वडीलधाऱ्या माणसाला तीच सूचना वाचावयास सांगावी. आणि चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची: ज्याच्यासाठीं अर्ज आहे अशा एकाच्या हातीं तो देऊन, तोंडानें एक अक्षरहि न बोलतां, शेजारीं बसावें. आम्हीं पहिल्या तीन परीक्षा घेतल्या नाहींत. चौथी त्या मुलीनें आमची घेतली.

पुढें काय झालें तें सांगून संपवितों. त्यानंतरच्या सभेंत ती ओळ काढून टाकावी असा ठराव मीं मांडला, आणि तो एकमतानें संमत झाला. ओळ गेली, कोष्टक तसेंच राहिलें. सभासदांना वाटलें, तक्रारीचें कारण गेलें. कोष्टक मोडून अर्ज एका स्तंभांत आणण्यास आणखी एक वर्ष आणि बरीच भांडणें लागलीं, आणि काम प्रत्यक्ष हातीं घेतल्यावर कारागिराला त्याला चार दिवसहि लागले नाहींत. आतां दाखला जोडण्याचें बटण उत्पन्नाच्या प्रश्नाखालींच येतें, आणि तें जोडल्यावांचून अर्ज पुढें जात नाहीं. त्या मुलीनें दुसऱ्या वर्षीं पुन्हां अर्ज केला, तो मंजूर झाला. मधलें वर्ष तिच्या वडिलांनीं कर्ज काढून भागविलें होतें. तें कर्ज ज्या ओळीमुळें झालें ती लिहिणारा मी होतों, म्हणून हा लेख लिहिणेंहि माझ्याच वांट्याला यावें हें योग्य होय. दुसऱ्या कोणा मंडळानें अशीच ओळ लिहावयास आपणांस सांगितली, तर वाचकहो, लेखणी खालीं ठेवा आणि कारागिराला पान पुन्हां मांडावयास सांगा.